रोगपरीक्षेची परीक्षा

इसवी सन १७६१ हें साल उच्चारलें कीं मराठी माणसाच्या मनांत पानिपताखेरीज दुसरें कांहीं येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहासाचा नाद असणाराला एक खोड असते. एखादें साल हातीं लागलें कीं त्याच वर्षीं जगांत इतरत्र काय चाललें होतें, हें तो पाहूं लागतो. तसें पाहूं गेल्यास १७६१ सालीं युरोपांत तीन गोष्टी घडलेल्या आढळतात. त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें.

पहिली गोष्ट इटलींतील. पादुआ येथील मोर्गान्यी या वृद्ध अध्यापकानें वयाच्या एकुणऐंशीव्या वर्षीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारें सातशें रोग्यांचीं मरणोत्तर शवें तपासून, जिवंतपणीं दिसलेलीं लक्षणें व शरीराच्या आंत आढळलेला बिघाड यांची त्यानें सांगड घातली, आणि प्रत्येक रोगाला शरीरांत कोठें तरी एक ठिकाण असतें, हें सिद्ध केलें. दुसरी गोष्ट व्हिएन्ना शहरांतील. आउएनब्रुगर नांवाच्या डॉक्टरानें एक लहानसें पुस्तक लिहून असें सांगितलें कीं, रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून जो नाद उमटतो त्यावरून आंत पाणी झालें आहे कीं काय, हें ओळखतां येतें. हा एका खाणावळवाल्याचा मुलगा. दारूचें पिंप किती भरलें आहे तें ठोकून पाहण्याची रीत त्यानें बापाच्या तळघरांत पाहिली होती, असें सांगतात. तिसरी गोष्ट इंग्लंडांतील. थॉमस बेझ नांवाचा एक धर्मोपदेशक एप्रिल महिन्यांत वारला. त्याच्या कागदपत्रांत गणिताचा एक निबंध निघाला व त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानें तो १७६३ सालीं छापविला.

पहिल्यानें रोग कोठें असतो तें सांगितलें. दुसर्‍यानें तो बाहेरून कसा ओळखावा तें सांगितलें. आणि तिसर्‍यानें, त्याच्या मनांत वैद्यक नसतांहि, अशा ओळखीवर विश्वास किती ठेवावा तें सांगितलें. पहिल्या दोघांचीं मतें पन्नास वर्षांच्या आंत डॉक्टरांच्या नित्य व्यवहारांत आलीं. तिसर्‍याला मात्र दोनशें वर्षें दाराबाहेर तिष्ठावें लागलें. हा विलंब कां झाला, त्याची किंमत कोणीं दिली, आणि त्यांतून आज आपण काय घ्यावें, हा माझ्या भाषणाचा विषय आहे. वैद्यकाशीं माझा संबंध रोगी या नात्यानेंच आलेला. परंतु या विषयाचा अर्धा भाग अंकगणिताचा आहे आणि तें शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. एवढ्याच अधिकारावर मी बोलत आहें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावयास हवें कीं, डॉक्टर किंवा वैद्य रोग पाहत नाहीं. तो रोगाच्या खुणा पाहतो व त्यांवरून रोगाचें अनुमान करतो. चरकसंहितेंत रोग जाणण्याचीं साधनें तीन सांगितलीं आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. अनुमानाचें आपल्या न्यायशास्त्रांतील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे. पण त्याच शास्त्रकारांनीं दोन इशारे देऊन ठेविले आहेत. कधीं कधीं लांबून धुकें दिसतें, त्यालाच आपण धूर समजतों आणि नसलेल्या अग्नीचें अनुमान करतों. उलटपक्षीं तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धुराचा मागमूसहि नसतो. जें लक्षण नको तेथेंहि लागू पडतें त्याला अतिव्याप्तीचा दोष लागतो, आणि जें हवें तेथेंच लागू पडत नाहीं त्याला अव्याप्तीचा. वैद्यकांतील प्रत्येक चांचणीला, ती रक्ताची असो, थुंकीची असो, वा क्ष-किरणांची, हे दोन दोष थोडेफार असतातच. ते किती आहेत, हें मोजून कोणीं पाहिलें, हाच खरा इतिहासाचा प्रश्न.

मोजण्याची संवय वैद्यकाला लागली ती पॅरिसमध्यें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें शहर या विद्येचें माहेरघर होतें. नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिसार यानें आउएनब्रुगरचें विस्मृतींत पडलेलें पुस्तक १८०८ सालीं फ्रेंचमध्यें आणलें, आणि १८१६ सालीं लेनेक यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथॉस्कोपाची मुहूर्तमेढ रोंविली. निदान असें सुधारत होतें, पण उपचार जुनाच होता. जवळजवळ प्रत्येक रोगावर रक्त काढीत. ब्रूसे नांवाच्या प्रख्यात डॉक्टरानें तर जळवा लावण्याचें असें प्रस्थ माजविलें कीं, फ्रान्सला कोट्यवधि जळवा परदेशांतून आणवाव्या लागत.

अशा वेळीं प्येर लुई या डॉक्टरानें एक साधी गोष्ट केली. त्यानें रोग्यांची नोंद ठेविली व बेरीज केली. न्यूमोनिया झालेल्या ७७ रोग्यांपैकीं ४१ जणांचें रक्त पहिल्या चार दिवसांत काढलें होतें. त्यांतील १८ दगावले. उरलेल्या ३६ जणांचें रक्त पांचव्या ते नवव्या दिवसांत काढलें होतें. त्यांतील ९ दगावले. म्हणजे ज्यांवर तातडीनें उपचार झाला त्यांत शेंकडा ४४ मेले, आणि ज्यांवर उशिरां झाला त्यांत शेंकडा २५. हे आंकडे थोडे आहेत, दोन्ही गटांतील रोगी सर्व बाबतींत सारखे नव्हते, आणि आजचा संख्याशास्त्रज्ञ एवढ्यावर निकाल देणार नाहीं. स्वतः लुईनेंहि रक्त काढणें अजीबात सोडा असें म्हटलें नाहीं. लोक समजतात त्याहून त्याचा उपयोग फारच थोडा आहे, एवढेंच म्हटलें. परंतु ज्या उपचाराविषयीं दोन हजार वर्षें कोणीं शंका घेतली तरी ती शब्दांनींच घेतली, त्याला त्यानें आंकड्यांनीं प्रश्न विचारला, हें विशेष.

त्यावर वादळ उठलें. १८३७ सालीं पॅरिसच्या वैद्यक अकादमींत या ‘संख्यापद्धती’वर मोठा वाद झाला. विरोधकांचें म्हणणें असें कीं, दोन रोगी कधींहि सारखे नसतात. सरासरी कधीं आजारी पडत नाहीं, आजारी पडतो तो एकेक मनुष्य. मग शंभरांच्या हिशेबानें एकावर उपचार कसा करावा? हा आक्षेप पोकळ नव्हता. त्याला उत्तर मिळावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तें काय, हें पुढें येईल.

आतां विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत येऊं. उपदंश हा रोग फसवा. आरंभींचा व्रण बरा होतो, मग रोग वर्षानुवर्षें दडून बसतो व पुढें मेंदूवर किंवा हृदयावर उठतो. आईकडून पोटांतल्या मुलालाहि होतो. १९०५ सालीं शाउडिन व हॉफमन यांनीं त्याचा जंतु शोधून काढला, आणि १९०६ सालीं वासरमन, नायसर व ब्रुक या तिघांनीं रक्ताची चांचणी सिद्ध केली. दडलेला रोग बाहेर काढणारी ही चांचणी म्हणजे वरदानच वाटली. थोड्याच वर्षांत ‘वासरमन’ हा शब्द जगभरच्या इस्पितळांत रूढ झाला.

परंतु लवकरच एक विलक्षण गोष्ट आढळली. चांचणीसाठीं लागणारा अर्क प्रथम उपदंश झालेल्या मृत अर्भकाच्या यकृतापासून काढीत. त्याच्याऐवजीं निरोगी जनावराच्या हृदयाचा अर्क वापरला तरी तेंच उत्तर येई. याचा अर्थ असा कीं, ही चांचणी जंतूला ओळखीतच नव्हती. त्या रोगांत रक्तामध्यें जो एक फरक पडतो त्याला ती ओळखीत होती, आणि तो फरक दुसर्‍या कारणांनींहि पडतो. मलेरिया झालेल्या मनुष्याच्या रक्तांत तो पडतो. कुष्ठरोग्याच्या रक्तांतहि पडतो. म्हणजे डोंगरावर दिसला तो धूर कधीं कधीं धुकें होतें. आपल्यासारख्या, मलेरिया व कुष्ठरोग घरोघर ठाऊक असलेल्या देशांत हें धुकें किती दाट असेल, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

इकडे अमेरिकेंत १९३५ सालीं कनेक्टिकट राज्यानें असा कायदा केला कीं, विवाहापूर्वीं वधूवरांनीं रक्ताची ही तपासणी करून घेतलीच पाहिजे. मागोमाग बर्‍याच राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. हेतु चांगला होता. परंतु जेथें रोगच विरळ तेथें अशा सरसकट तपासणींत खरे रोगी फार थोडे सांपडत, आणि ज्यांना रोग नाहीं अशा कांहींजणांच्याहि कपाळीं शिक्का बसे. लग्नाच्या तोंडावर एखाद्या निष्पाप मुलीच्या हातीं असा कागद पडणें म्हणजे काय, हें मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुढें हे कायदे बहुतेक ठिकाणीं रद्द झाले.

तेव्हां चांचणी चुकते हें कळलें. पण किती चुकते, हें मोजण्याची रीत हवी होती. ती १९४७ सालीं मिळाली. दुसर्‍या महायुद्धानंतर अमेरिकेंत हजारों शिपायांच्या छातीचे क्षयासाठीं क्ष-किरणांनीं फोटो काढीत. फोटोची कोणती पद्धत उत्तम, हें ठरविण्यासाठीं हजाराहून अधिक माणसांचे चार प्रकारचे फोटो काढून ते पांच अनुभवी तज्ज्ञांना स्वतंत्रपणें वाचावयास दिले. पद्धतींतला भेद राहिला बाजूला. तज्ज्ञांचाच एकमेकांशीं मेळ बसेना. इतकेंच नव्हे, तर तोच फोटो त्याच तज्ज्ञाला कांहीं काळानें पुन्हां दाखविला असतां कित्येकदां त्याचें स्वतःशींहि जमेना! या अभ्यासांतील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यानें मग सांगितलें कीं, चांचणीची योग्यता दोन आंकड्यांनीं स्वतंत्रपणें सांगितली पाहिजे. रोग असलेल्या शंभरांपैकीं कितीजणांस ती रोगी म्हणते, हा पहिला. त्याला आज संवेदनशीलता म्हणतात. रोग नसलेल्या शंभरांपैकीं कितीजणांस ती निरोगी म्हणते, हा दुसरा. त्याला विशिष्टता म्हणतात. पहिला आंकडा कमी पडला तर ती अव्याप्ति, दुसरा कमी पडला तर अतिव्याप्ति. आपल्या तार्किकांचे ते दोन जुने दोष अशा रीतीनें प्रथमच शेंकडेवारींत उतरले.

येथें कोणी म्हणेल, झालें तर मग. दोन्ही आंकडे चांगले असले कीं चांचणीवर खुशाल विश्वास ठेवावा. नेमका येथेंच तो १७६१ सालीं वारलेला धर्मोपदेशक आडवा येतो. आतां श्रोत्यांनीं मनांतल्या मनांत एक पाटी घ्यावी. एक रोग असा आहे कीं तो हजारांत एकाला होतो. त्याची एक चांचणी अशी कीं, रोगी असेल तर ती कधींच चुकत नाहीं. पण निरोगी शंभरांपैकीं पांचजणांना ती चुकून रोगी ठरविते. रस्त्यांतून सहज एका मनुष्याला बोलावून ती केली व ‘रोग आहे’ असें उत्तर आलें. तर त्याला खरोखर रोग असण्याचा संभव किती?

बहुतेकांच्या तोंडून ‘शेंकडा ९५’ असें उत्तर येतें. हें उदाहरण १९७८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या इस्पितळांत प्रत्यक्ष विचारलें गेलें. वीस विद्यार्थी, वीस शिकाऊ डॉक्टर व वीस अनुभवी डॉक्टर, असे साठजण होते. त्यांतील अवघ्या अकराजणांचें उत्तर बरोबर आलें, आणि जवळजवळ निम्म्यांनीं ९५ हेंच उत्तर दिलें. आतां हिशेब पाहा. हजार माणसांत खरा रोगी एक. त्याला चांचणी बरोबर पकडील. राहिले ९९९ निरोगी. त्यांतील शेंकडा पांच, म्हणजे सुमारें ५०, यांना ती चुकून रोगी म्हणेल. एकंदर ५१ जणांच्या हातीं ‘रोग आहे’ असा कागद पडला आणि त्यांत खरा रोगी एक! म्हणजे संभव शेंकडा दोनच्या आसपास.

आतां तीच चांचणी दुसर्‍या ठिकाणीं करूं. इस्पितळाच्या एका विभागांत असे हजार रोगी आले आहेत कीं, त्यांचीं लक्षणें पाहतां निम्म्यांना हा रोग असावा. पांचशें खरे रोगी पकडले जातील. पांचशें निरोग्यांतील २५ जण चुकून अडकतील. ५२५ कागदांत ५०० खरे, म्हणजे शेंकडा ९५. तीच चांचणी, तेंच रसायन, तोच छापील कागद. एके ठिकाणीं त्याची किंमत दोन, दुसर्‍या ठिकाणीं पंचाण्णव. चांचणी बदलली नाहीं. चांचणीला कोण आलें होतें, तें बदललें.

बेझच्या निबंधाचें सार आपल्या भाषेंत असें सांगतां येईल. दुकानदाराच्या किर्दीच्या पानावर पहिली ओळ श्रीशिल्लकेची असते. ती न लिहितां आजची जमा कितीहि चोख मांडली तरी हिशेब जुळत नाहीं. अनुमानालाहि श्रीशिल्लक असते. चांचणी करण्यापूर्वीं या मनुष्याला हा रोग असण्याचा संभव किती होता, ती ही शिल्लक. चांचणीचें उत्तर ही आजची जमा किंवा आजचा खर्च. दोन्ही मिळून जें निघेल तें खरें. नुसत्या जमेवर सावकारी करणारा बुडतो.

हा विचार वैद्यकांत राजरोसपणें आणला तो १९५९ सालीं रॉबर्ट लेडली व ली लस्टेड या दोघां अमेरिकनांनीं. लेडली हा मूळचा दंतवैद्य व पुढें गणकयंत्रांकडे वळलेला. लस्टेड क्ष-किरणांचा डॉक्टर. ‘सायन्स’ नांवाच्या नियतकालिकांत त्यांनीं दीर्घ लेख लिहून दाखविलें कीं, डॉक्टर ज्याला अनुभवाची अंतःप्रेरणा म्हणतो तिच्या पोटांत तर्क, संभाव्यता व लाभहानीचा विचार हे तीन हिशेब असतात आणि ते कागदावर मांडतां येतात.

मांडतां येतात हें ठीक. पण त्यांचा उपयोग होतो काय? याचें उत्तर इंग्लंडांतील लीड्स शहरांत मिळालें. पोटांत एकाएकीं कळ येऊन रोगी रात्रीं-अपरात्रीं इस्पितळांत येतो. आंत्रपुच्छाची सूज असेल तर पोट फाडलें पाहिजे. नुसता वात असेल तर फाडतां कामा नये. आणि ठरवावयाचें थोड्या वेळांत. डी डोंबल या शल्यवैद्यानें व त्याच्या सहकार्‍यांनीं अशा रोग्यांसाठीं एक ठराविक तक्ता केला. कळ कोठें सुरू झाली, आतां कोठें आहे, उलटी झाली काय, दाबल्यावर दुखतें कीं सोडल्यावर, असे प्रश्न प्रत्येकाला त्याच क्रमानें विचारावयाचे व उत्तरें गणकयंत्रांत घालावयाचीं. यंत्र बेझच्या रीतीनें हिशेब करी. १९७२ सालीं ३०४ रोग्यांचा निकाल प्रसिद्ध झाला. यंत्राचें निदान शेंकडा ९१.८ वेळां बरोबर आलें. सर्वांत ज्येष्ठ डॉक्टराचें ७९.६ वेळां.

वर्तमानपत्रांना यांत यंत्राचा विजय दिसावा, असा हा मजकूर. मला मात्र त्याच मंडळींचा पुढचा अनुभव अधिक बोधप्रद वाटतो. हा प्रयोग चालू असतांना डॉक्टरांचीं स्वतःचीं निदानें, यंत्राला न विचारतां केलेलीं, सुधारत गेलीं. आणि प्रयोग थांबल्यावर तीं पुन्हां पूर्वपदावर आलीं. म्हणजे लाभ केवळ यंत्राच्या हिशेबाचा नव्हता. प्रत्येक रोग्याला सर्व प्रश्न क्रमानें विचारणें, उत्तर लिहून ठेवणें, आणि आपलें निदान खरें ठरलें कीं खोटें तें मागाहून डोळ्यांसमोर येणें, या शिस्तीचाहि होता. पुढें १९८६ सालीं आठ इस्पितळांतील १६,७३७ रोग्यांचा अहवाल निघाला. पहिलें निदान बरोबर येण्याचें प्रमाण शेंकडा ४५.६ वरून ६५.३ वर गेलें, आणि व्यर्थ पोट फाडण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. वाचलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या मागें एक जिवंत मनुष्य आहे, हें विसरूं नये.

याच सुमारास प्रश्नाची दुसरी बाजूहि उलगडली. चांचणीचें उत्तर कसें वाचावें हें कळलें; पण मुळांत चांचणी केव्हां करावी? बोस्टन येथील पॉकर व कॅसिरर या दोन डॉक्टरांनीं १९८० सालीं याचें मोठें सुबोध उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें, रोगाच्या संभवाला दोन मर्यादा असतात. संभव खालच्या मर्यादेहूनहि कमी असेल तर चांचणी करूं नये व औषधहि देऊं नये. वरच्या मर्यादेहून अधिक असेल तर चांचणीची वाट न पाहतां उपचार करावा. दोहोंच्या मधें असेल, म्हणजे चांचणीच्या उत्तरानें आपलें कृत्य बदलणार असेल, तरच चांचणी करावी.

दोन्ही टोंकांचीं उदाहरणें घेऊं. शेतांत मनुष्याला नाग चावला. त्याच्या पापण्या मिटूं लागल्या, घोट गिळतां येईना. येथें रक्ताच्या अहवालासाठीं खोळंबणें म्हणजे मरणाला निमंत्रण. विषावरची लस तत्काळ टोंचली पाहिजे. हें वरचें टोंक. आतां खालचें. पाय मुरगळून मनुष्य येतो व घोट्याचा फोटो काढावा असा आग्रह धरतो. कॅनडांतील ओटावा येथें इयन स्टील व त्याच्या सहकार्‍यांनीं १९९२ सालीं यासाठीं नियम बसविले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या ठराविक जागीं दाबल्यावर दुखत नसेल, आणि पायावर भार देऊन चार पावलें टाकतां येत असतील, तर घोट्याचें हाड मोडलेलें असण्याचा संभव इतका थोडा कीं फोटोची गरज नाहीं. या नियमांनीं फोटोंची संख्या पुष्कळ कमी झाली, आणि हाडें मोडलेले रोगी त्यामुळें वार्‍यावर सुटले नाहींत. या मर्यादा सर्व रोगांना सारख्या नसतात. रोग दुर्लक्षिला तर हानि किती, औषध विनाकारण दिलें तर हानि किती, आणि खुद्द चांचणीची हानि व खर्च किती, या तीन गोष्टींवर त्या ठरतात.

श्रोते हो, हें सर्व परदेशांतील झालें. आपल्या देशांत याच विचाराचे दोन धडे क्षयरोगानें दिले. एक भूषणावह, दुसरा खेदाचा.

पहिला धडा कर्नाटकांतील. क्षयरोगी हुडकण्यासाठीं गांवोगांव क्ष-किरणांच्या गाड्या न्याव्या, असें जुनें मत होतें. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेंतील डॉक्टर बॅनर्जी व अँडरसन यांनीं तुमकूर जिल्ह्यांत खेडुतांचा अभ्यास केला. तो १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या थुंकींत जंतु होते त्यांपैकीं बहुतेकांना आपल्याला कांहीं तरी होत आहे याची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक लोक उपचार शोधीत दवाखान्यापर्यंत येऊनहि गेले होते! तेथें त्यांना खोकल्याचें औषध देऊन परत पाठविलें होतें. मग रोगी हुडकीत हिंडण्यापेक्षां, बरेच दिवस खोकला असलेला जो मनुष्य आपल्या पायांनीं दवाखान्यांत येतो त्याचीच थुंकी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी, हें श्रेयस्कर. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, जेथें श्रीशिल्लक मोठी तेथें स्वस्त चांचणीहि मोलाची ठरते. थुंकीच्या तपासणींत कांहीं रोगी सुटतात, हा तिचा अव्याप्तीचा दोष खरा. परंतु जंतु दिसले तर क्षय जवळजवळ निश्चित. गरीब देशाला परवडणारी अशी ही तपासणी राष्ट्रीय क्षयकार्यक्रमाचा कणा होऊन बसली.

दुसरा धडा त्यानंतरचा. क्षयासाठीं रक्ताची एक झटपट चांचणी खासगी बाजारांत आली. क्षयजंतूविरुद्ध शरीरांत तयार होणारीं द्रव्यें ती शोधी. परंतु आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरांत क्षयाचा जंतु केव्हां तरी शिरून निपचित पडलेला असतो. त्यांना रोग नसतो. अशा मनुष्याच्या रक्तांतहि तीं द्रव्यें आढळूं शकतात, आणि खर्‍या रोग्याच्या रक्तांत कधीं कधीं आढळत नाहींत. म्हणजे धुकेंहि आणि तापलेला गोळाहि! तरीहि आपल्या देशांत दरसाल अशा सुमारें पंधरा लाख चांचण्या होत, असा अंदाज केला गेला. निरोगी मनुष्यानें सहा महिने क्षयाचीं जालीम औषधें घ्यावीं, आणि खर्‍या रोग्यानें ‘नाहीं’ असा कागद घेऊन घरीं जावें व लेंकरांच्या तोंडावर खोकत राहावें, असा हा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं या चांचण्या करूं नयेत असें स्पष्ट बजावलें. क्षयाच्या बाबतींत एखाद्या चांचणीविरुद्ध असा सल्ला तिनें प्रथमच दिला होता. २०१२ च्या जून महिन्यांत भारत सरकारनें त्यांची आयात, निर्मिति, विक्री व वापर यांवर बंदी घातली. ध्यानांत घ्या, हीं यंत्रें नवीन होतीं, कागद छापील होता, उत्तर तत्काळ मिळत होतें. नव्हता तो फक्त हिशेब.

आतां पॅरिसच्या त्या जुन्या आक्षेपाकडे वळूं. सरासरी आजारी पडत नाहीं, मनुष्य आजारी पडतो, असें ते म्हणाले होते. तें खरेंच आहे. परंतु हिशेब मनुष्याला पुसून टाकतो, ही त्यांची भीति मात्र खरी ठरली नाहीं. उलट श्रीशिल्लक मांडावयाची म्हणजे समोरचा मनुष्य कोण, त्याचें वय काय, तो कोणत्या गांवचा, खोकला किती दिवसांचा, घरांत आणखी कोणाला आहे, हें विचारल्यावांचून गत्यंतरच नाहीं. चांचणी सर्वांना सारखी असते. श्रीशिल्लक मात्र ज्याची त्याची वेगळी. ती ठरते डॉक्टराच्या प्रश्नांनीं, डोळ्यांनीं व हातांनीं. म्हणून जो डॉक्टर रोग्याशीं दोन शब्द न बोलतां तपासण्यांची लांबलचक यादी लिहून देतो, तो आधुनिक नव्हे. तो शिल्लक न पाहतां किर्द लिहिणारा कारकून होय. आणि जो रोगी घटकाभर विचारपूस करणार्‍या डॉक्टराला जुन्या वळणाचा म्हणून नांवें ठेवून ‘सगळ्या तपासण्या एकदम’ मागतो, तोहि आपलेंच नुकसान करून घेतो. कारण निरोगी मनुष्याच्या वीस तपासण्या केल्या कीं एखादी तरी चुकून बोट दाखविण्याचा संभव मोठा; मग त्या बोटामागें आणखी तपासण्या, आणखी खर्च आणि आणखी घोर.

याचा अर्थ डॉक्टरांचा सल्ला झुगारावा किंवा तपासणी टाळावी, असा कोणीं घेऊं नये. एवढेंच करावें. तपासणीची चिठ्ठी हातीं पडली म्हणजे नम्रपणें विचारावें: ‘डॉक्टरसाहेब, याचें उत्तर होय आलें तर आपण काय करणार, आणि नाहीं आलें तर काय करणार?’ दोन उत्तरें निराळीं असलीं तर तपासणी अवश्य करावी, आणि पैसा हातचा राखूं नये. दोन्ही एकच असलीं, तर ती तपासणी कशासाठीं, हेंहि तितक्याच नम्रपणें विचारावें. चांगल्या डॉक्टराला अशा प्रश्नाचा राग येत नाहीं. त्याच्या मनांत तो आधींच येऊन गेलेला असतो.